विहिरीचा दोर

शर्यतीसाठी तलावाच्या आठव्या लेनच्या, उडी मारायच्या ब्लॉकवर चढून तेजलने खाली पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. पाण्याचा तळ दिसत होता. निळ्या फरश्या, त्यांवरचा काळा पट्टा, सगळं लख्ख. गावच्या विहिरीत ती चार उन्हाळे पोहत आली होती, पण तळ कधी पाहिला नव्हता. पाणी इतकं खोल असतं, हे आज पहिल्यांदा कळत होतं.

विहिरीवर मामा पायरीवर बसायचे. ती पोहण्यात पक्की झाली, तरी तिच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक त्यांच्या मुठीतच असायचं. आज सकाळी तलावाच्या दारात रखवालदाराने मामांच्या पिशवीतून तोच दोर बाहेर काढला. "काका, हे कशाला?" बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. तेजल मान खाली घालून पुढे निघून गेली. तिने ओळखसुद्धा दाखवली नाही.

आता मात्र तिची नजर त्यांनाच शोधत होती. ते सगळ्यात वरच्या बाकावर दिसले. तिथून दोर पाण्यापर्यंत पोचलाही नसता.

पंचांनी शिट्टी हातात घेतली. सगळीकडे चिडीचूप झालं. विहिरीत उडी मारण्याआधी रोज ओरडायची, तेच तेजलच्या तोंडून निघालं.

"मामा, धरलाय का?"

"धरलाय, पोरी!" मामांनी दोर गुंडाळलेली मूठ उंच केली.

अख्खी गॅलरी हसली. तेजल वाकली आणि शिट्टी होताच तिने सूर मारला.

वर बाकाखाली दोराचं दुसरं टोक मोकळंच लोंबत होतं.