चुकीला एक टिचकी

इंदापूर रस्त्यावरच्या परमिट रूममध्ये दर गुरुवारी संध्याकाळी विज्ञानावर गप्पा होत. वक्ता चुकला, की ऐकणाऱ्याने ग्लासवर टिचकी मारायची, एवढाच नियम. बहुतेक टिचक्या आबासाहेबांच्या असत. "सर, पुस्तक उलटं धरलंय का?" असेही ते वर विचारत.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी प्राध्यापक सिकंदर बागवान ध्वनीवर बोलत होते. मालक मुन्नाने सवयीने आबासाहेबांच्या टेबलावर ग्लास ठेवला होता. खुर्ची रिकामी होती. बोलण्याच्या ओघात सिकंदर एका आकड्यात चुकले, आणि त्या टेबलावरून टिचकी वाजली.

"बर्फ तडकला असंल, सर," मुन्ना म्हणाला.

"तू बर्फ घातलेलाच नाहीस."

सिकंदरांनी प्रयोगाच्या शिस्तीने पडताळा घेतला. "ध्वनीला माध्यम लागते." शांतता. "लोखंडातून ध्वनी हवेपेक्षा हळू जातो." टिचकी.

आबासाहेबांच्या चितेपाशी ते स्वतः उभे राहिले होते. तरीही पुढचे विधान त्यांनी, ते चूक ठरावे अशी आस धरून, अगदी सावकाश उच्चारले.

"आबासाहेब आता आपल्यात नाहीत."

टिचकी वाजली.