गळ्यापर्यंत बटणं

"तुम्ही बव्हेरियाचे लोक म्हणजे गळ्यापर्यंत बटणं लावणारे! आम्ही पूर्व जर्मनीचे, जन्माला आलो तसेच समुद्रात उतरतो," असं म्हणून माझा नवरा बुर्कहार्ट मला चौदा वर्षं चिडवत होता. दर उन्हाळ्यात तो एकटाच बाल्टिक समुद्राच्या त्या आडबाजूच्या किनाऱ्यावर जायचा, जिथे अंगावर कपडे नसले तरी कुणी वळून बघत नाही.

यंदा माझ्या साठाव्या वाढदिवसाला मी मनाचा हिय्या केला. डब्यात बटाट्याचं सॅलड भरलं आणि म्हटलं, "चल, मीही येते."

झालं, त्याचं सुरू. "वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततात गं, रोझविता. तुझा गुडघा दुखेल. आज वाराही फार आहे."

मी ऐकते कसली! तीन किलोमीटर वाळू तुडवत पोचले, डोळे गच्च मिटून सगळे कपडे काढले आणि मगच डोळे उघडले.

समोरून पाच-सहा नागडे-उघडे म्हातारे आनंदानं हात हलवत आले.



"या, या! आज बायकोला घेऊन आला की आपला चड्डीवाला!"