खांबावरचं लाल बटण

निकेशनं खांबावरून डबा उतरवला आणि तिथंच मोहाच्या झाडाखाली मांडी घालून त्याला लॅपटॉप जोडला. मायची तेरवी कालच झाली होती. संध्याकाळी ग्रामसभा होती, आणि तिथं मुखरूभाऊंच्या तोंडावर फेकायला त्याला पुरावा हवा होता.

तसा गावानं आपला निकाल आधीच दिला होता. जंगलाच्या कडेचा हा खांब निकेशचाच. नागपूरची नोकरी सांभाळून, सहा महिन्यांचे रविवार घालवून त्यानं तो उभा केला होता. वर कॅमेरा, भोंगा आणि त्यांना चालवणारा डबा, खाली लाल बटण. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत उजाडायच्या आधीपासून मुखरूभाऊंनी तिथं पहारा द्यायचा आणि वाघ दिसला की बटण दाबायचं, एवढंच काम.

त्या सकाळी भोंगा वाजलाच नाही. मोह वेचायला गेलेली रुखमाबाई, निकेशची माय, परत आली नाही. तिची टोपली खांबाशी सापडली. वाघानं ओढत नेताना सुटली असेल, असं लोक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरपंचानं बटण दाबून पाहिलं, तर भोंगा गावभर बोंबलला. म्हणजे डबा चांगला, माणूस नालायक! निकेशनं सगळ्यांदेखत म्हाताऱ्या मुखरूभाऊंची कॉलर धरली होती.

"काऊन नाई दाबलं? सांगा नं, काऊन नाई दाबलं?"

मुखरूभाऊ खाली मान घालून उभे राहिले. तेव्हापासून त्यांच्या अंगणात कोणी पाय ठेवत नव्हतं.

लॅपटॉप सुरू होईपर्यंत निकेशला माय आठवली. खांब बसवला त्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून इथंच उभी होती.

"कायकाय करते रे हा डबा?"

"फोटो काढते, फॉरेस्टवाल्यायले पाठवते, बॅटरी पाहते, सारं लिहून ठेवते. एकेक काम आपल्या पाळीनं. पन बटन दाबलं का हातातलं काम टाकून आधी भोंगा. बटनापुढं कोनीच मोठं नाई, माय."

"मंग तुह्यापेक्षा हा डबाच बरा. तू तं तीन मिस कॉल देल्याबिगर माह्यं आयकतच नाईस!"

खरंच होतं ते. कामात असला की तो मायचा फोन सरळ कापायचा. शेवटी दोघांत ठरलं होतं, लागोपाठ तीन आले म्हणजे अर्जंट, मग मीटिंग असो की काही असो. मायला ते इतकं आवडलं की पुढं पुढं शेजारणीचं दारही ती तीन-तीनदा ठोकायची.

नोंदी उघडल्या. सहा वाजून अकरा मिनिटं, कॅमेऱ्यापुढं काहीतरी हललं. सहा बारा, फोटो पाठवायला सुरुवात. सहा तेरा, बटण.

निकेशनं डोळे चोळले. बटण दाबलेलं होतं. एकदा नाही, नऊ वेळा. आणि भोंगा नाही. सहा सोळाला फोटो पोचला, त्यापुढं काहीच नाही.

मग त्याला जानेवारी आठवला. फॉरेस्टचे साहेब लोक खांब पाहायला आले होते. फोटो जात असतानाच पोरांनी बटण दाबलं, भोंगा बोंबलला, फोटो अर्धवट तुटला. साहेबानं तोंड वाकडं केलं. निकेशला लाज वाटली. त्यानं घाईघाईत एक ओळ बदलली: फोटो जात असेल तोवर बटणाची नुसती नोंद घ्यायची, ऐकायचं नाही. साहेब गेले की पहिल्यासारखं करू, म्हणाला होता. विसरला. आणि इथली रेंज अशी, की एक फोटो जायला चार-चार मिनिटं.

त्यानं तो फोटो उघडला. गवतात पट्टे दिसत होते.

नोंद पुसायला लॅपटॉपवरचं एक बटण पुरलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. त्याचा हात तिथवर गेलाही. पण कॉलर धरल्यावरचा म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. त्यानं लॅपटॉप काखेत मारला आणि उठला.

मुखरूभाऊ ओसरीवर एकटेच बसले होते. अंगणात मोह वाळत पडला होता, तेरा दिवसांत त्याला कोणी हात लावलेला दिसत नव्हता. निकेशनं त्यांचे पायच धरले.

"भाऊ, माफ करा मले. तुमी बटन दाबलं होतं. माह्या डब्यानंच आयकलं नाई. चूक माही हाये. आज सभेत साऱ्यायपुढं सांगतो."

म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले.

"कोनं सांगतलं तुले?"

"डब्यात लिहून हाये. नऊ वेळा दाबलं तुमी. मी तुमच्यावर हात टाकला, अन् तुमी बोलले बी नाई."

"काय बोलू, बापू?" मुखरूभाऊंनी अंगणाकडं बोट केलं. "मी खांबापाशी नव्हतोच रे. ढोरं मोह खाऊन जातीन म्हनून माह्या झाडाखाली गेलतो वेचाले, पार नाल्यापल्याड. हा अंगनात पडला हाये नं, तोच मोह. कोन्या तोंडानं सांगू?"

निकेशनं लॅपटॉप पुन्हा उघडला. मघाशी त्यानं नुसता आकडा पाहिला होता. आता त्यानं एकेक वेळ वाचली, सेकंदासकट.

तीन. मग थोडं थांबून तीन. मग थोडं थांबून पुन्हा तीन.