रंग न धरलेली जागा

रंग धरेना.

मारोतरावांनी स्प्रेगनचा घोडा पुन्हा दाबला. पांढरा फवारा विमानाच्या अंगावर एकसारखा बसत गेला आणि जिथं पंख धडाला मिळतो तिथं आल्यावर मागं सरकला. अळूच्या पानावरून पाणी सरकतं तसा. खालचा करडा प्राइमर पुन्हा उघडा पडला.

"थांबा, थांबा काकाजी," कॉम्प्रेसर बंद करत खेमसिंग म्हणाला. आर्णीला त्याचं मोटारी रंगवायचं गॅरेज होतं. विमान रंगवायला मिळतं म्हणून तो पोळ्याच्या सकाळीही आला होता. "इथं चिकट हात लागला कोनाचा तरी. तेलाचा, नाही तं तुपाचा. आता बसनच नाही रंग."

"काल दुपारी थिनरनं पुसलं होतं ना आपन?"

"म्या पुसलं, तुमी पुसलं. मंग काय रातच्याला हनुमानजी पाहून गेले?"

मारोतरावांना आधी स्वतःचाच संशय आला. तो त्यांना नेहमीच येई. हवाई दलात विमानांचे पत्रे जोडण्यात उभी हयात गेली, तरी रिव्हेट ठोकली की त्यावरून पुन्हापुन्हा बोट फिरवून बघायची सवय सुटली नव्हती. त्यांनी रात्रीचं जेवण आठवलं. वांग्याची भाजी. हात धुतला होता. मग ते इकडे फिरकलेच नव्हते.

निवृत्तीनंतर परदेशातून विमानाच्या सुट्या भागांची लाकडी खोकी आली, तेव्हा गावाला वाटलं, काकाजींनी सोयाबीन काढायचं यंत्र आणलं. खोकी ठेवायला जागा नव्हती आणि गोठा रिकामा होता. हरण्या बैल म्हातारपणानं गेला. त्याच्या जोडीचा मोऱ्या एकटा चारा खाईना, म्हणून त्याला ढाणकीला भागीरथाबाईंच्या भावाकडे धाडलं होतं. मारोतरावांनी दावणीचे खुंटे उपटले, वर नवे पत्रे चढवले आणि तिथं विमानाचा सांगाडा उभा केला. त्या दिवसापासून भागीरथाबाईंनी गोठ्यात पाऊल टाकलं नाही. नवऱ्याचा चहा त्या दाराबाहेरच्या दगडावर ठेवत, "च्या हाय" असं दरवाजाला सांगत आणि परत फिरत.

आता फक्त रंग उरला होता. तो वाळला की सरकारी तपासणी, मग यवतमाळच्या धावपट्टीवर पहिलं उड्डाण. पण भागीरथेनं हो म्हटल्याशिवाय उडायचं नाही, असं मारोतरावांनी मनाशी ठरवलं होतं. परवा धीर करून त्यांनी विचारलंही.

"मंग उडवू काय वं?"

"हे बांधाच्या आधी इचारलं होतं काय मले? मंग आता काहून इचारता?"

मारोतरावांनी ते 'नाही'च समजलं. रंग द्यायला घेतला तो एवढ्याचसाठी की अर्धवट काम त्यांना बघवत नसे. रंगवायचं, वरून ताडपत्री घालायची, आणि गप्प बसायचं.

"काकाजी, इकडंबी हाय पाहा," विमानाच्या पलीकडून खेमसिंग ओरडला.

मारोतराव वळसा घालून गेले. त्या बाजूलाही अगदी तीच जागा. त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. नुसता डाग नव्हता. पंजा होता, पाच बोटांचा, लहानसा. मागंपुढं नीट चोळत फिरवलेला. त्यांनी नाक जवळ नेलं. तूप. आणि हळद.

पंखाखाली पळसाचं एक पान पडलेलं होतं.

मारोतराव तसेच वाकून राहिले. काल खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या सांजेला वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात आणि त्याच्या कानाशी लागून सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. या घरात हरण्या-मोऱ्याचे खांदे नेहमी भागीरथाच मळायची. मारोतराव नोकरीपायी कधी जोधपूरला असत, कधी तेजपूरला.

"पॉलिश पेपर मारून काढून टाकू काय?" खेमसिंगनं विचारलं. "पत्ताबी लागनार नाही कोनाले."

"हात नको लावू," मारोतराव म्हणाले. इतक्या जोरात की खेमसिंग दचकला.

घरात पुरण शिजल्याचा वास भरला होता. भागीरथाबाई पोळ्या लाटत होत्या. मारोतराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बोलायचं खूप होतं, पण नेहमीप्रमाणे भलतंच तोंडून निघालं.

"रंग फाटला."

"मंग मले काय सांगता? त्या खेमसिंगले सांगा."

"तुपानं फाटला."

लाटणं थांबलं.

"अव्वा! तुपानं फाटते काय रंग?" त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग लगेच त्यांनी पदर सावरला. "हरण्याच्या शिंगाचा तं कधी नाही फाटला. तुमचाच रंग कच्चा असन. पुसून टाका."

"नाही पुसत."

भागीरथाबाईंनी तव्यावर पोळी टाकली. ती टम्म फुगेपर्यंत दोघंही तिच्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी ती उतरवली, तिच्यावर तूप सोडलं आणि केळीच्या पानावर नैवेद्याची म्हणून बाजूला ठेवली.

"उडवाचं तवा उडवा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "पन म्या त्याले जेवाले बोलावलं हाय. संध्याकाळी दोघंबी घरी पायजे."