चौथा अपशकुन

नाटकाच्या तालमीत मुकुट सातव्यांदा गडगडत खाली आला आणि मास्तर सातव्यांदा वैतागले. नुसतं पडून भागणार नव्हतं. शेवटच्या रांगेतला माणूसही दचकायला हवा होता.

पहिल्या अंकात दिवा विझतो, दुसऱ्यात घुबड ओरडतं, तिसऱ्यात मुकुट पडतो. "सोनं आहे, पडणारच," असं म्हणून राजा हसतो आणि चौथ्या अंकात त्याचं पोर सज्ज्यावरून कोसळतं. माणूस वेळेवर ऐकत नाही ही शोकांतिका, असं मास्तर सकाळपासून समोर येईल त्याला समजावत होते. चहा आणणाराही सुटला नव्हता.

राजाचं पोर सात वर्षांचं होतं. कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंची लेक. ती चौथ्या अंकासाठी सज्ज्यावर चढली आणि सज्जा करकरला.

खाली झग्याला टीप घालणाऱ्या आईचा हात थांबला. सज्ज्याचा मधला खांब चिरलाय, बदलायला अर्धा दिवस द्या, असं सुतारकाकांनी सोमवारी सांगितलं होतं. बुधवारीही सांगितलं. आज सकाळी तिने स्वतः विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले होते, करून घेतलंय. तिने सुतारकाकांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

मास्तर मात्र हरखले होते. हाच आवाज त्यांना हवा होता. चौथा अपशकुन, आणि तोही फुकट. त्यांनी पोरीला तिथेच पुन्हा पाय दाबायला सांगितलं. आठवडाभरात पहिल्यांदाच शाबासकी मिळालेल्या पोरीने उत्साहाने पाय उचलला.

"खाली ये," आई म्हणाली. पोरीने तोंड वेंगाडलं, तशी आईने वर हात करून तिला सरळ उचललंच.

परवा प्रयोग आणि आज ही थेरं, म्हणून मास्तर कपाळाला हात लावून बसले. आयांना तालमीला बसू देऊ नये हे त्यांना कोणीतरी पूर्वीच सांगितलं होतं म्हणे. "अहो बाई," ते शेवटी म्हणाले, "लाकूड आहे, वाजणारच."

राजा मुकुट हातात धरून जमिनीकडे बघत राहिला.

"मग तुम्ही उभे राहून दाखवा," आई म्हणाली.

मास्तर तरातरा उठले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर त्यांचा वेग कमी झाला. कठड्याला हात लावून ते वर बघत होते, तेवढ्यात हसू दाबणाऱ्या राजाच्या हातून मुकुट निसटला आणि घरंगळत थेट त्यांच्या पायरीशी येऊन आपटला. रिकाम्या नाट्यगृहात तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मास्तर, आता बरोबर पडला," आईच्या कडेवरून पोरगी म्हणाली.

सुतारकाका पिशवीतून करवत काढत होते. मास्तरांनी दुसऱ्या पायरीवरचा पाय हळूच खाली घेतला.