हत्तीच्या आत

आश्लेषाने आजोबांना घट्ट मिठी मारली. पण ते घडलंच नाही असं समजून पुढे जाऊ, कारण आश्लेषाचंही तेच म्हणणं आहे.

थीम पार्कात शिरताच घरचे सगळे पाळण्यांकडे पळाले आणि सामान सांभाळायला नेहमीप्रमाणे चिंतामणराव बाकावर उरले. "बाबा, तुम्हाला चक्कर येते ना," सून म्हणाली. चक्कर त्यांना नाही, त्यांच्या मुलाला यायची. पण तोवर बॅगा मांडीवर आल्या होत्या.

शेजारी पार्कातला कापडी हत्ती येऊन बसला. त्याने डोकं काढलं, कोट उतरवला. आतून घामाघूम झालेला मिशाळ गृहस्थ निघाला. "काका, एवीतेवी बसलाच आहात, तर हेही बघा. चहा मारून आलोच."

बाकावर नुसतंच डोकं बघून एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. म्हणून चिंतामणरावांनी मुकाट्याने कोट चढवला आणि डोकं घातलं.

तेवढ्यात आश्लेषा धावत आली आणि हत्तीला बिलगली. "आई, फोटो! सगळे या!" मुलाने हत्तीच्या खांद्यावर हात टाकला, सून सोंड धरून उभी राहिली. अख्ख्या सहलीतला सगळ्यांचा हा पहिलाच फोटो.

"अहो, बाबा कुठे गेले? बॅगा अशा उघड्यावर टाकून! कमाल आहे बाई."

चिंतामणराव हलले नाहीत. जिल्हा परिषदेत जन्म गेलेला माणूस. त्यांनी आतल्या आत अर्ज तयार केला: तरी सदर हत्तीचे पद अर्जदारास कायमस्वरूपी मंजूर करून, चहास गेलेल्या गृहस्थांस परत न पाठवण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.