अक्षय तृतीयेचं पुस्तक

अक्षय तृतीयेला नवं पुस्तक कोणी काढत नाही. लोक तेव्हा आंबे घेतात आणि पुस्तकं दिवाळीत. तरी आज मालनताई वायचळांच्या हातात त्यांचं रानभाज्यांवरचं पहिलं पुस्तक होतं, शाईचा वासही न गेलेलं.

हस्तलिखितासोबत लेखकाच्या रक्ताचा अहवाल जोडावा लागे आणि त्यावर त्याच्या मरणाची तारीख असे. आजवर ती कोणाची चुकली नव्हती. ताईंची होती यंदाची नऊ सप्टेंबर. ती वाचून चार प्रकाशकांनी हस्तलिखित साभार परत केलं होतं. दुसरं पुस्तक न देऊ शकणाऱ्या लेखिकेच्या नादी कोण लागणार?

पाचव्या ठिकाणी संपादक उत्कर्षा भेटली. "पुस्तक दिवाळीलाच खपेल," असं तिच्या मालकांनी बजावलं, तेव्हा ती म्हणाली होती, "दिवाळीला ताई नसतील."

आता तिने पुढच्या पुस्तकाचा करार समोर ठेवला. हस्तलिखित देण्याची मुदत होती नऊ सप्टेंबर.

"अगं, त्या दिवशी तर मी जाणार," ताई म्हणाल्या.

"मुदत पाळणारा लेखक मी अजून पाहिलेला नाही, ताई," उत्कर्षा म्हणाली. "तुम्हीही पाळू नका."

ताईंनी डोळे पुसले, सही केली आणि उत्कर्षाचं पेन परत न देता आपल्या पिशवीत टाकलं.